‘एका नगाला सहा कंटेनरचं भाडं’ : तुमच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या माल परदेशी पाठवणाऱ्या एजन्सीला ऑनलाइन रिव्ह्यूत एक तारा देऊन तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं : इव्हॅपोरेटरची (द्रव आटवायच्या यंत्राची) एक बॉडी मोंबासाला पाठवली आणि भाडं सहा कंटेनरचं लावलं. बोट चुकली, माल नऊ दिवस न्हावा शेवा बंदराला पडून राहिला. तिकडे उतरला तेव्हा फ्लँजवर (पाइप जोडायच्या कड्यांवर) गंज होता. आणि शेवटी, ‘कोल्हापुरात बसून समुद्राचा धंदा करणाऱ्यांना समुद्र काय कळणार?’

शेवटच्या वाक्याबद्दल एवढंच म्हणतो, पंचगंगेत बोट चालत नाही हे मान्य. पण तुमच्या कामात जी चूक झाली ती समुद्रावर झालीच नाही. ती शिरोलीत, तुमच्या शेडमध्ये झाली, आणि तिच्यात आमचा वाटा मोठा आहे. म्हणून लपवाछपवी न करता सगळं इथेच लिहितोय. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलमधल्या इतर कारखानदारांनाही उपयोग होईल.

आधी सहा कंटेनरचा हिशेब. तुमची बॉडी फ्लॅट रॅकवर गेली. फ्लॅट रॅक म्हणजे छप्पर आणि बाजूच्या भिंती नसलेला कंटेनर, खाली जाड फरशी आणि दोन टोकांना दोन भिंती. त्या भिंती फरशीपासून साधारण दोन मीटर उंच. तुमची बॉडी 2.40 मीटर व्यासाची, खाली सॅडल, म्हणजे बॉडी टेकवायची बैठक, पाव मीटरचं, म्हणजे उंची 2.65. भिंतींच्या वर माल गेला की त्याच्यावर दुसरा कंटेनर ठेवता येत नाही. ती वरची जागा रिकामी जाते आणि शिपिंग लाइन तिचं भाडं मागते. म्हणून आमच्या कोटेशनमध्ये पहिल्यापासून दोन जागांचं भाडं होतं. त्यावर तुमचीही हरकत नव्हती.

आता रुंदी. कंटेनर 2.44 मीटर रुंद असतो. ड्रॉइंगवर तुमची बॉडी 2.40, म्हणजे बसली. पण ड्रॉइंगवरचा आकडा शेलचा, म्हणजे नुसत्या पिंपाचा होता. शेलच्या दोन्ही बाजूंना नोझल (पाइप जोडायची तोंडं) होते, फ्लँजसकट दहा-दहा सेंटीमीटर बाहेर आलेले. खरी रुंदी झाली 2.60. म्हणजे फ्लॅट रॅकच्या दोन्ही कडांना आठ-आठ सेंटीमीटर माल बाहेर. जहाजावर शेजारच्या दोन कंटेनरमध्ये फट असते ती काही बोटांचीच. त्यामुळे डावी जागा गेली, उजवी गेली. त्या दोन जागा रिकाम्या, मग त्यांच्या डोक्यावर काय उभं करणार? त्याही गेल्या. खाली तीन, वर तीन, झाल्या सहा. लाइनने बिल तसंच काढलं आणि आम्ही ते तसंच पुढे पाठवलं. त्यात आमचा एक रुपयाही जास्तीचा नाही. लाइनचं बिल तुमच्या ईमेलवर आहे, ताडून बघा.

हे रस्त्यात कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण रस्त्यावर गाडीला 2.60 मीटर रुंदीपर्यंत मुभा आहे. बॉडी बरोबर काठावर बसली. ओडीसीची, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची, परवानगी लागली नाही, लो-बेड ट्रेलर खंबाटकी उतरून पनवेलपर्यंत कुठेही अडला नाही. रस्त्याला चाललं ते बोटीला चाललं नाही. सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर भरायच्या यार्डात) फ्लॅट रॅकवर चढवताना सर्व्हेअरने टेप लावला तेव्हा कळलं.

खरी खंत आता सांगतो. बॉडी सॅडलवर पाव फेरा फिरवून बसवली असती तर एक नोझल वर आला असता, एक खाली. खालच्याला सॅडलची पाव मीटर उंची पुरली असती. वर दहा सेंटीमीटर वाढले असते, पण वरची जागा तर आपण आधीच विकत घेतली होती. उचलायचे हूक बाजूला गेले असते, तर पट्ट्यांनी उचललं असतं. चार जागांचं भाडं वाचलं असतं, फक्त पाव फेऱ्याने. हे मला सुचलं कधी? माल सीएफएसमध्ये पोचल्यावर. तोवर सॅडल बॉडीला वेल्ड झालेलं होतं आणि तिथे कटर लावायला तुमच्याच इंजिनिअरने नको म्हणून सांगितलं. ते बरोबरच होतं, प्रेशरच्या बॉडीवर कुणी असली घाई करू नये.

आमच्या ऑफिसने ड्रॉइंग आणि पॅकिंग लिस्ट बघून बुकिंग केलं. दोन्हीकडे 2400 मिलिमीटर लिहिलेलं. माणूस पाठवून टेप लावायला हवा होता, तो लावला नाही. शिरोली आमच्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर आहे, त्यामुळे याला माझ्याकडे काही सबब नाही.

नऊ दिवसांचंही मूळ तेच. रुंदी बदलली की लाइनला नवी मापं, फोटो, वजन कुठे पडतंय त्याचं ड्रॉइंग सगळं पुन्हा द्यावं लागतं, आणि जहाजावर सहा जागा एकत्र मिळतायत का ते त्यांचे प्लॅनर बघतात. तोवर कटऑफ, म्हणजे त्या बोटीसाठी माल द्यायची मुदत, गेला. ‘वजन दोनदा का केलं’ हेही तुम्ही विचारलंय. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. तो आंतरराष्ट्रीय नियम आहे, आमची कमाई नाही.

जयगड बंदर जवळ असताना न्हावा शेवा कशाला, हा तुमचा फोनवरचा प्रश्न. जयगडला मुख्यतः कोळशासारखा सुटा माल चालतो. आपल्याला हवी होती मोंबासाची कंटेनर बोट. शिवाय तिकडे जाताना लागणाऱ्या आंबा घाटाची वळणं लांब ट्रेलरला विचारून बघा.

गंजाच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. फ्लॅट रॅकवरचा माल उघडा असतो. वर ताडपत्री असली तरी पावसाळ्यातल्या अरबी समुद्राची खारी हवा आणि तुषार आत शिरतातच. मशीनिंग केलेल्या फ्लँजना ग्रीस लावून लाकडी ब्लाइंड (झाकणं) बोल्टने आवळा, असं आम्ही लेखी कळवलं होतं. लाकूडसुद्धा उष्णतेची प्रक्रिया केलेलं, शिक्क्याचं घ्या, हेही त्याच ईमेलमध्ये होतं. सीएफएसमधल्या फोटोत चारपैकी दोन फ्लँजना नुसतं प्लास्टिक आणि चिकटपट्टी दिसते. पॅकिंग तुमच्याकडचं होतं.

तरी एक सांगतो : तिकडच्या माणसांना फ्लँज अजून घासू देऊ नका. विमा तुम्ही काढलेला आहे. विम्याचा सर्व्हेअर आधी गंजावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून बघेल. पांढरं फुटलं तर खारं पाणी लागल्याची खूण. घासून चकचकीत केल्यावर दावा कशाच्या जोरावर करणार?

आता पैशाचं. नऊ दिवसांचं सीएफएसचं भाडं पूर्ण आमच्या खात्यावर. वाढलेल्या चार जागांचा निम्मा फरक आम्ही सोसतो, निम्मा तुमच्याकडे, कारण पॅकिंग लिस्टवर सही तुमच्या ऑफिसची आहे. क्रेडिट नोट सोमवारी मिळेल. हे तुम्हाला पटत नसेल तर ऑफिसला या, चहा घेत भांडू. तारे वाढवा असं म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची दुसरी बॉडी शेडमध्ये तयार होतेय असं कळलं. ती आमच्याकडे द्या किंवा दुसऱ्या कुणाकडे, पण गुरुवारी सकाळी आमचा माणूस टेप घेऊन येईल, त्याचे पैसे नाहीत. तोवर तेवढं सॅडल वेल्ड करू नका.