'सरकारी डेटा कुणालाच देऊ नका' या फॉरवर्डला मुद्द्यांनुसार उत्तर

नाशिकमधल्या बहुतेक ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, सोसायटीचा ग्रुप असो, द्राक्षवाल्यांचा असो नाहीतर कॉलेजच्या जुन्या बॅचचा. त्यात म्हटलंय की ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये कायदा करून लोकांचा सगळा सरकारी डेटा कंपन्यांना विकायला काढला, आता आपल्याकडे फार्मर आयडीच्या नावाखाली तेच चाललंय, म्हणून कुठल्याच खात्याने डेटा कुणालाच देऊ नये, आणि प्रायव्हसीचा कायदा आलाच आहे तर कुणी माहिती मागितली तर सरळ नाही म्हणा. मेसेजमागची भीती मला अजिबात खोटी वाटत नाही, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या आहेत आणि शेवटची मागणी मान्य झाली तर नुकसान आपलंच आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'ऑस्ट्रेलियाने डेटा कंपन्यांना विकायला काढला'

नाही. तिथला डेटा अव्हेलेबिलिटी अँड ट्रान्स्परन्सी अ‍ॅक्ट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला आणि त्यावर देखरेखीला नॅशनल डेटा कमिशनर नावाचा नियामक बसवला. त्या योजनेत डेटा मागायला आधी मान्यता घ्यावी लागते आणि ती मिळते कुणाला, तर केंद्राच्या आणि राज्यांच्या सरकारी संस्थांना आणि ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांना. खासगी कंपनी अर्जच करू शकत नाही. डेटा कशासाठी वापरता येईल तेही कायद्यातच लिहिलंय, सरकारी सेवा देण्यासाठी, धोरण ठरवण्यासाठी आणि संशोधनासाठी, या तीनच कामांसाठी. पोलिसी कारवाई, राष्ट्रीय सुरक्षा यासाठी ही वाट बंद आहे. आणि ज्या खात्याकडे डेटा आहे त्याच्यावर तो देण्याची सक्ती नाही, फक्त नाही म्हटलं तर कारण लेखी द्यावं लागतं, ही मला त्यातली फार चांगली गोष्ट वाटते, कारण आपल्याकडे नकारही तोंडी आणि होकारही तोंडी.

आता हा नियामक कशाला महत्त्व देतो ते नीट बघा, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं तेच वगळलंय. डेटा देण्याआधी पाच गोष्टी तपासाव्या लागतात. काम काय आहे आणि ते लोकांच्या हिताचं आहे का, डेटा हाताळणारी माणसं कोण, तो कुठे आणि कुठल्या यंत्रणेवर ठेवणार, कामापुरताच डेटा घेतलाय की उगाच जास्तीचा, आणि शेवटी त्यातून बाहेर काय पडणार, म्हणजे रिपोर्ट, तक्ता जे काही असेल ते. हे सगळं करारात लिहायचं, तो करार कमिशनरकडे नोंदवायचा आणि कुणी कुणाला कशासाठी डेटा दिला याची नोंद जनतेला बघता आली पाहिजे. परवानगीबाहेर वापर केला तर दंड आहे, गुन्हाही आहे. शिवाय पाच वर्षांनी मुदत संपेल अशी तरतूद कायद्यातच घातली, म्हणजे तो चालू ठेवायचा तर संसदेला परत विचार करणं भाग. याला कुणी विक्री म्हणत असेल तर त्याने कायदा उघडूनच बघितलेला नाही.

'आपल्याकडेही विकणार'

इथे फॉरवर्डवाल्याचं थोडं बरोबर आहे आणि ते मान्य करायलाच हवं. २०१९ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहन आणि सारथीचा डेटा, म्हणजे गाड्यांची नोंदणी आणि लायसन्स, एकगठ्ठा देण्याचं धोरण आणलं होतं, आणि ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना डेटा देऊन ६५ कोटी रुपये मिळाल्याचं संसदेत सांगितलं गेलं. नाशिकच्या आरटीओत रांगेत उभं राहून फॉर्म भरणाऱ्या माणसाने आपली माहिती अशी जाणार याला कधी हो म्हटलं होतं? २०२० मध्ये प्रायव्हसीच्या आक्षेपांमुळे ते धोरण बंद केलं. म्हणजे धोका खरा होता, पण त्यावर आरडाओरडा झाला म्हणून तो थांबला, डेटा कुलपात घातला म्हणून नाही.

फार्मर आयडी म्हणजे विक्री, हे मात्र नुसतं ओढूनताणून जोडलंय. त्या आयडीने शेतकऱ्याची जमिनीची नोंद आधारशी जोडली जाते आणि योजनांचा लाभ त्यावरून मिळतो. त्यावर प्रश्न भरपूर विचारता येतील, विचारलेच पाहिजेत, ही माहिती बँक, विमा कंपनी, अ‍ॅपवाले यांच्यापैकी कुणाकडे आणि कुठल्या अटीवर जाते वगैरे. पण 'आयडी काढूच नका' असं सांगून तुम्ही शेतकऱ्याचं अनुदान घालवताय, एवढं तरी लक्षात घ्या.

'नावं काढली की झालं'

डेटातून नावं काढली की तो कुणालाही द्यायला हरकत नाही, हे फॉरवर्डमध्ये नाही, त्याला उत्तर म्हणून काही शहाणी मंडळी टाकतायत, आणि हे मला जास्त धोकादायक वाटतं. समजा दिंडोरी तालुक्यातल्या एका गावाची यादी नावं काढून दिली, पण गट नंबर, क्षेत्र, पीक आणि कर्जाची थकबाकी ठेवली. महाभूलेखवर, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या सरकारी वेबसाईटवर, सातबारा कुणीही बघू शकतं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, नाव समोर. म्हणजे थकबाकीदार कोण हे पारावर बसलेल्या माणसालासुद्धा दोन मिनिटात कळेल. आणि गट नंबरही काढला तरी गावात ड्रॅगनफ्रूट लावणारा एकच असेल तर त्याला ओळखायला कशाचीच गरज नाही.

हे ऑस्ट्रेलियातही झालंय, त्या कायद्याच्या आधी. २०१६ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने सुमारे २९ लाख लोकांच्या उपचारांचा आणि औषधांचा डेटा नावं काढून वेबसाईटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी डॉक्टरांचे लपवलेले कोड उलगडून दाखवले, डेटा काढून घ्यावा लागला, आणि पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं की बाळंतपणाची किंवा ऑपरेशनची तारीख अशी इकडेतिकडे मिळणारी माहिती जोडली की पेशंटही ओळखता येतात. म्हणून मग प्रश्न फक्त 'नाव आहे का' एवढाच उरत नाही, माणसं कोण, जागा कुठली आणि बाहेर काय पडतंय हेही बघावं लागतं. घरची किल्ली शेजाऱ्यांकडे देणं वेगळं आणि दाराला लटकवून जाणं वेगळं.

'कुठलाच डेटा कुणालाच नको'

मग गंगापूर धरणातून किती क्युसेकने पाणी सोडलं हेही नको का? पावसाळ्यात गोदाकाठचा दुकानदार पुराची खूण म्हणून नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती किती बुडाली हे बघतो ते खरं, पण सामान वर चढवायला त्याला आधी विसर्गाचा आकडा कळावा लागतो, आणि तो जलसंपदाकडून महापालिकेकडे, तिथून लोकांकडे येतो. लासलगावचा कांद्याचा भाव हाही सरकारी यंत्रणेतून फिरणारा डेटाच. द्राक्षांचं तर विचारूच नका. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला होता तेव्हा काय हाल झाले ते बागायतदार विसरलेले नाहीत. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, प्लॉटची नोंद कृषी खात्याकडून, रेसिड्यूचा म्हणजे औषधांच्या अंशाचा रिपोर्ट लॅबकडून, पॅकहाऊस आणि निर्यातदाराची माहिती त्यांच्याकडून, हे सगळं एका ठिकाणी जुळतं म्हणून पेटी कुठल्या बागेतली ते मागे जाऊन शोधता येतं. हे बंद करा म्हणणारा माणूस द्राक्षवाल्यांच्याच ग्रुपवर बसलाय याचं मला खरंच वाईट वाटतं.

'प्रायव्हसीचा कायदा आलाय, नाही म्हणा'

याने सगळ्यात जास्त नुकसान होणार आहे. डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तेव्हापासून माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायला ती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही किंवा दिली तर कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येईल असं दाखवावं लागायचं, आता नुसती 'वैयक्तिक माहिती' आहे एवढं पुरतं. हा बदल मला मान्य नाही, ठेकेदाराचं बिल आणि अधिकाऱ्याची मालमत्ता त्याच शब्दाआड जाईल. पण कलम ८(२) अजून जागेवर आहे, लोकहित जास्त असेल तर माहिती देता येते, अर्जात ते कलम लिहा. आणि ज्या डेटा प्रोटेक्शन बोर्डाच्या भरवशावर आपण बसलोय ते तक्रारी ऐकून दंड करणारं आहे, एका खात्याने दुसऱ्याला डेटा देण्याआधी करार तपासणारं कुणीच आपल्याकडे नाही. मागणी करायची तर त्याची करा.

२००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. आता पुढच्या कुंभाची तयारी चाललीय, गर्दी मोजायला कॅमेरे लागणार आणि लागलेच पाहिजेत, पण रामकुंडाकडे किती माणसं निघालीत हे कळायला त्यातल्या कुणाचं नाव लागत नाही. माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जात कुंभमेळा प्राधिकरणाला विचारा: फुटेज कुठल्या संस्थेला जाणार, चेहरे ओळखणार का, किती दिवस ठेवणार, करार कुठे बघायला मिळेल. या उत्तरांत कुणाचीच वैयक्तिक माहिती नाही, त्यामुळे ८(१)(जे) दाखवून ती नाकारता येणार नाहीत.