मिळेल त्या दरात? नको!

नवीन लेखकाने सुरुवातीला मिळेल त्या दरात काम घ्यावं, हा एका लेखातला सल्ला मला पटला नाही. मी सोलापुरात टॉवेल-चादरींच्या कारखानदारांसाठी कॅटलॉगचा मजकूर लिहिते. शब्दावर दर लावला की कारखान्यातल्या चकरा, फोन, दुरुस्त्या सगळं फुकटात जातं. म्हणून मी पूर्ण कामाचा आकडा सांगते; त्यात दोन दुरुस्त्या, पुढच्यांचे पैसे वेगळे. 'सोलापूरचा दर पुण्यापेक्षा कमी हवा' म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणते, मजकूर तर तोच लागतो ना? आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, कराच, मोफत आहे. ती असली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार करारात काहीही लिहिलं तरी ग्राहकाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी हे बिलावरच छापते.