बेटाला ‘पुरे’ म्हणता येतं का?

स्वतःला ‘इको’ म्हणवून घेणाऱ्या कुठल्याही हॉटेलात बाथरूममध्ये एक चिठ्ठी हमखास असते : टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पृथ्वी वाचवा. मी ती इमानेइतबारे पाळतो. पण छोट्या बेटांवरच्या इकोटुरिझमबद्दल, म्हणजे निसर्ग जपत करायच्या पर्यटनाबद्दल, जे कौतुकाचं वाचायला मिळतं, ते बहुतेक या टॉवेलच्या पुढे जातच नाही. बरेच दिवस कुरकुर साठली होती, आज बाहेर काढतो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

सौर दिवे, कागदी स्ट्रॉ, सगळं ठीक. मला एवढंच विचारायचंय, की उद्या एकही पाहुणा आला नाही तर त्या बेटावरची चूल पेटेल का? जिथे पेटेल, त्याच बेटाला पर्यटकांना ‘आता पुरे’ म्हणायची हिंमत होते.

पाण्याचंच बघा. प्रवाळी बेटावर सहसा नदी नसते. पावसाचं पाणी सच्छिद्र जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकेपणामुळे तरंगत राहतं. ढोबळ हिशोब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी सापडतं. हिशोब उलटाही चालतो. उपसा करून पातळी वीतभर खाली नेली, की खालून खारं पाणी आठ-नऊ मीटर वर चढू लागतं. विहीर मचूळ झाली की पाहुणा बॅग भरून निघतो, विहीर मात्र गावाची असते. म्हणून मला तो टॉवेल वाळतोय की नाही यापेक्षा बेटावर खाटा किती, हे आधी कळायला हवं असतं.

खाटा मोजणारं एक बेट आहे. ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाव, न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर दूर, भर समुद्रात. एका वेळी ४०० पर्यटक, त्यापुढे नाही. राहणारी माणसंही जवळपास तेवढीच. ‘जबाबदार पर्यटक’ कसा ओळखायचा वगैरे भानगडच नाही. पर्यटनाआधीपासून तिथे केंटिया पाम या शोभेच्या झाडाच्या बियांचा व्यापार होता, म्हणजे कमाईचा दुसरा हात होता. बेट ऐक्यानं नांदतं असं मात्र समजू नका. १९१८ मध्ये खडकावर चढलेल्या एका जहाजातून आलेले उंदीर संपवायला २०१९ मध्ये बेटभर विषारी आमिष टाकलं, त्याआधी बरीच वर्षं गावात या प्रश्नावरून सरळ दोन तट पडले होते. शिवाय खाटा कमी म्हणजे भाडं जास्त, तेव्हा तिथे जायचं तर खिसा जड लागतो. हा दोष खराच आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

इक्वेडोरच्या गालापागोस बेटांचं उदाहरण सगळे देतात. ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान, बहुतेक ठिकाणी वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि १९९८ च्या कायद्यानं खुद्द इक्वेडोरच्या नागरिकांनाही तिथे मनाला येईल तसं स्थायिक होता येत नाही. इतकं सगळं असून पर्यटक वर्षाला ३ लाखांच्या आसपास पोचले. ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क १०० डॉलरवरून २०० झालं. पण जो माणूस विमान आणि बोटीवर हजारो डॉलर उधळून आलाय, तो शंभर डॉलरसाठी माघारी फिरेल? आणि इतक्या माणसांचं खाणंपिणं जहाजानं-विमानानं येतं, त्यासोबत बिया येतात, किडे येतात. बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या तिथल्या फिंच या चिमुकल्या पक्ष्यांच्या पिल्लांचं घरट्यातच रक्त पितात. वाटाड्यानं पर्यटकाला कितीही शिस्त लावली तरी माशीला कोण लावणार?

पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात २०१७ पासून पासपोर्टवर निसर्ग जपण्याच्या शपथेचा शिक्का मारतात आणि पाहुण्याला त्याखाली सही करावी लागते. कल्पना गोड आहे, मला आवडते. पण सहीनं खाटा कमी होत नाहीत.

‘पुरे’ म्हणायला उशीर झाला की काय होतं ते फिलिपीन्सच्या बोराकायनं दाखवलं. (ते इकोटुरिझम नव्हतंच, मान्य. तरी.) जेमतेम १० चौरस किलोमीटरचं बेट, वर्षाला २० लाखांच्या घरात पर्यटक, सांडपाणी थेट समुद्रात. शेवटी २६ एप्रिल २०१८ ला सरकारनं अख्खं बेट सहा महिने बंद केलं. थायलंडचा माया बे हा उपसागर त्याच वर्षी बंद झाला, पण तिथे कुणी राहत नाही. साडेतीन वर्षं बंद ठेवला, शार्क परत आले, सगळे खूश. बोराकायला माणसं राहत होती. हॉटेलातल्या पोऱ्यापासून होडीवाल्यापर्यंत सगळ्यांची कमाई एका आदेशानं थांबली. पुन्हा उघडताना एका वेळी १९,२१५ पर्यटक अशी मर्यादा ठरली. हे शेवटचे पंधरा कुठून काढले कोण जाणे.

आता फिलिपीन्सचंच आपो. पाऊण चौरस किलोमीटरही नसलेलं, कोळ्यांचं बेट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिलिमन विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला आणि त्यांचे सहकारी तिथल्या कोळ्यांशी बोलत बसले, आणि कोळ्यांनी किनाऱ्यालगतचा एक छोटा पट्टा स्वतःहून मासेमारीला बंद केला. पहारा त्यांचाच. मासे वाढले, पट्ट्याबाहेरही मिळू लागले. पर्यटक आले ते त्यानंतर, ते मासे बघायला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो : आधी स्वतःच्या ताटासाठी राखलं, मग पाहुण्याला दाखवलं.

पुढे १९९४ मध्ये बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं आणि कारभार गावाच्या हातून वरच्या मंडळाकडे गेला. तेव्हा पाहुण्यांनी बेटावर भरलेलं शुल्क आधी सरकारी तिजोरीत जायचं, मग तिथून त्याचा हिस्सा परत यायचा, आणि तो येईस्तोवर पहारेकऱ्याला कळ काढावी लागायची. पाणबुडे पर्यटक मासे बिचकवतात, ही गळ टाकणाऱ्यांची तक्रारही जुनीच.

२०११ आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये लागोपाठ दोन वादळं आली आणि तीस वर्षं राखलेल्या त्या पट्ट्यातलं प्रवाळ मोडून पडलं. त्यानंतर तो पट्टा पर्यटकांनाही बंद झाला. पाहुणे अजून येतातच, आता किनाऱ्यालगतची कासवं बघायला, जिथे कोळी गळ टाकतात त्याच पाण्यात.