पॅरोल बोर्डावरची रिकामी खुर्ची कोणाच्या बाजूने असते?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पॅरोल बोर्डावर सदस्य फक्त सात. मुदत पाच वर्षांची. नेमणूक गव्हर्नर करतात आणि तिला मंजुरी देते गव्हर्नर्स कौन्सिल. हे निवडून आलेल्या आठ जणांचं, वसाहतीच्या काळापासून चालत आलेलं मंडळ. मतपत्रिकेवर त्याचं नाव दिसलं की आमच्यातले निम्मे लोक एकमेकांना विचारतात, "हे काय असतं रे?"

(आपल्याकडचा पॅरोल म्हणजे ठरावीक दिवसांची रजा. इथे पॅरोल मिळालेला माणूस उरलेली शिक्षा बाहेर राहून, अटी पाळत पूर्ण करतो. गल्लत नको.)

सातातली एखादी जागा रिकामी राहिली तर त्याची बातमी होत नाही. पण हिशेब बघा. 2012 च्या कायद्यापासून जन्मठेपेच्या कैद्याला सोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. सातही जण बसले तर अर्ज अडवायला तीन नकार लागतात, पाचच बसले तर दोन पुरतात. नकार मिळाला की पुढची सुनावणी पाच वर्षांपर्यंत लांबू शकते. त्यात जानेवारी 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मॅटिस' खटल्यात निकाल दिला की गुन्ह्याच्या वेळी 18 ते 20 वर्षांचा असलेल्याला पॅरोलविना जन्मठेप देता येणार नाही. सुमारे 200 कैद्यांसाठी सुनावणीचं दार उघडलं. काम वाढलं, खुर्च्या तेवढ्याच.

मग राज्यकर्ते चटकन जागा का भरत नाहीत? भीती. आणि ती उगाच नाही. डॉमिनिक सिनेली तीन जन्मठेपा भोगत होता. 2008 मध्ये बोर्डाने त्याला एकमताने पॅरोल दिला. 26 डिसेंबर 2010 च्या संध्याकाळी, भर हिमवादळात, त्याने वोबर्नच्या कोल्स दुकानातला दागिन्यांचा काउंटर लुटला. निवृत्तीला टेकलेले पोलीस अधिकारी जॉन मॅग्वायर त्याला अडवायला गेले आणि गोळीबारात दोघेही मेले. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी बोर्डाच्या पाच सदस्यांचे राजीनामे घेतले. अध्यक्षपदी आणले जॉश वॉल, सरकारी वकील. पॅरोल मिळण्याचं प्रमाण धाडकन खाली आलं.

मॅग्वायर यांच्या कुटुंबापुढे उभं राहून "आकडेवारी बघा" म्हणायची माझी हिंमत नाही. पण त्या प्रकरणातून काढलेला धडा मला पटत नाही. पोलीस, वकील, तुरुंग खात्यातले लोक आणले की बोर्ड सावध होतं, असं गृहीत धरलं गेलं. कायद्यातल्या पात्रतेच्या यादीत मानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजकार्यही आहे, पण त्यातलं कोणी हवंच अशी सक्ती नाही. सिनेलीच्या गुन्ह्यांमागे ड्रग्जचं व्यसन होतं. व्यसनी माणूस किती गोड बोलतो, कितीदा आणाभाका घेतो, हे ज्याने रोज पाहिलंय तो कदाचित त्या दिवशी एकटाच "नाही" म्हणाला असता. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे मऊ माणूस, हा समज कुठून आला कोण जाणे!

तेव्हा जागा भरा, लवकर भरा, पण आणखी एक माजी सरकारी वकील नको. कौन्सिलच्या बैठका साधारण बुधवारी असतात आणि उमेदवारांच्या मुलाखती जाहीर होतात. इथे राहणाऱ्या, मतदान करणाऱ्या मंडळींनी पुढचं नाव आलं की आपल्या कौन्सिलरला एक ईमेल टाका. एवढंच विचारा: या व्यक्तीने व्यसनी किंवा मनोरुग्ण माणसांबरोबर कधी काम केलंय का, आणि किती वर्षं?