अंथरुणावरच्या लेकराला जंताचं औषध कोण देणार?

दुपारचं फीड देत होते. सिरिंज रिकामी होईना. मूग-भाताची पेज अडकली असेल म्हणून कोमट पाणी सोडलं, तर नळीत आतल्या बाजूने पांढरट-गुलाबी दोरीसारखं काहीतरी वर सरकलं. आणि हललं. माझ्या हातापायातलं त्राणच गेलं.

माझा मुलगा ७ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नाही. गिळता येत नाही, म्हणून पोटाला पेग ट्यूब, पोटातून थेट जठरात बसवलेली जेवणाची नळी. आम्ही रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, हा गोल जंत आहे." नळी बदलली आणि नळीतूनच अल्बेंडाझोलचं पातळ औषध दिलं.

मी रडत होते. जो कधी मातीत खेळला नाही, ज्याचा हात तोंडापर्यंत जात नाही, त्याच्या पोटात जंत? घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "रस कच्च्या गाजराचाच द्यायचीस ना?" हो, तोच. रक्त वाढावं म्हणून रोज गाजर-बीट, नळाखाली धुऊन, मिक्सरला लावून, गाळून. या जंताची अंडी मातीत असतात, भाजीला चिकटून राहतात. साध्या क्लोरीनने ती मरत नाहीत, उकळल्याने मरतात. आमच्याकडे ती रसातूनच आली असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आता भाजी सोलून, शिजवूनच मिक्सरमध्ये जाते.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. २०१५ पासून देशात जंतनाशक दिन होतो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत गोळी मिळते. माझ्या मोठ्या मुलीला दर वेळी मिळाली. धाकट्याला एकदाही नाही, कारण तो शाळेतच जात नाही. शाळेबाहेरच्या मुलांना अंगणवाडीतून गोळी मिळते हे मला आत्ता कळलं. दोन वर्षं फॉलोअपला जातोय. नळी कशी धुवायची, जखम कशी पुसायची, सगळं शिकवलं. जंताचं औषध हा शब्द कुणी काढला नाही, आणि मलाही सुचलं नाही. डिस्चार्ज कार्डावर ही एक ओळ छापायला काय हरकत आहे? आशाताई पोलिओला दारात येतात, तशा या मुलांसाठीही याव्यात.

पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड, तुमच्या ओळखीत असं नळीवर जेवणारं मूल असेल तर त्याच्या आईला आजच फोन करा. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, एवढंच विचारा. दिलं नसेल तर तिला म्हणावं, पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांकडे तूच विषय काढ.