गोळी, घोटभर पाणी आणि योम किप्पुर

योम किप्पुर हा ज्यू लोकांचा उपवासाचा दिवस जवळ आला की एक मजकूर फिरू लागतो: "उपवासातून सूट शरीराच्या आजाराला. मन आजारी असेल तर श्रद्धा वाढवा. गोळी-पाणी घेतलंत की उपवास मोडला." बेने इस्राएल (महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू) घरांत ज्याला दारफाळणीचा सण म्हणत, त्या २५ तासांच्या निर्जळी उपवासाबद्दलचं हे सांगणं शास्त्राला धरून नाही. शिवाय ते जिवावर बेतू शकतं.

"मनाचा आजार शास्त्रात नाही."
शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी दिवा लावणं-विझवणं मना. पण मिश्ना या जुन्या धर्मनियमसंग्रहात (शब्बाथ २:५) दुष्ट आत्म्याच्या भीतीने शब्बाथला दिवा विझवणाऱ्याला दोष लावलेला नाही. मध्ययुगातले ज्यू धर्मपंडित मैमोनिदेस स्वतः वैद्य. त्यांच्या मते इथला दुष्ट आत्मा म्हणजे विषण्णतेचा आजार; त्याच्या एका प्रकारात रोग्याला उजेड सोसत नाही. अनेक सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनागृहांत) दर शुक्रवारी संध्याकाळी हाच अध्याय वाचतात, मजकूर पुढे ढकलणारेही तो ऐकत असावेत! तालमूद (मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ) तर आंधळ्या बाळंतिणीसाठीही शब्बाथला दिवा लावू देतो. कारण एवढंच, की तिच्या मनाला धीर येतो.

"गोळी घेतली की उपवास मोडला."
आजारी माणसाने बेचव गोळी कोरडी गिळली तर ते खाणं धरत नाहीत. दिवसातून एकदा घ्यायची गोळी बहुतेकदा उपवासाआधी आणि उपवास सुटल्यावर बसते. वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी, डोस आपल्या मनाने गाळू नये.

लिथियम या मनाच्या आजारावरच्या औषधाचं प्रकरण वेगळं. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. मग हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, जीभ जड होते, तोल जातो. अशांसाठी 'शिउरिम' आहेत, म्हणजे उपवास मोडला असं धरण्याच्या मापाहून कमी, थोडं थोडं खाणं-पिणं. आदल्या दिवशी दोन्ही गाल भरून पाणी घ्यायचं, मापाच्या भांड्यात थुंकायचं आणि उपवासाच्या दिवशी त्याच्या निम्म्याहून कमी, साधारण ४० मिलीच्या आत, दर ९ मिनिटांनी प्यायचं. अन्न ३० मिलीच्या आकारमानाच्या आत. दोन्हींचा हिशेब वेगळा. तासाला पाव लिटरच्या आसपास पाणी पोटात जातं. डॉक्टर म्हणाले पुरणार नाही, तर सरळ पेला उचलावा.

ही सोय सगळ्यांना मानवत नाही. ॲनोरेक्सियात (वजनाच्या भीतीने उपाशी राहण्याच्या आजारात) मोजून खाणं हाच आजार, आणि ओसीडीचा (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा) रुग्ण घड्याळाला चिकटून बसतो. तिथे जाणते रब्बी (ज्यू धर्मगुरू) डॉक्टरांशी बोलून नेहमीसारखं जेवायलाच सांगतात.

"तो म्हणतोय जमेल, मग करू दे."
शुल्हान आरुख हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ (ओराह हायिम विभाग, ६१८) उलट सांगतो. रोग्याने खायला 'हवं' म्हटलं तर शंभर वैद्य नको म्हणाले तरी रोग्याचं ऐकायचं. वैद्य 'हवं' म्हणाला आणि रोगी नको म्हणाला, तर मात्र वैद्याचं.

मजकुरात एवढं खरं की नुसतं उदास वाटणं किंवा उपाशीपोटी होणारी चिडचिड यांना सूट नाही. आत्महत्येचे विचार, उन्मादाचा झटका, नुकताच बदललेला डोस, हे मात्र 'नुसतं उदास वाटणं' नव्हे. यांचा निर्णय एका रब्बीने, एकदाच, डॉक्टरांशी बोलून द्यायचा. तोच प्रश्न दुसऱ्या दारी नेला की ओसीडीच्या रुग्णाची शंका वाढतेच. आणि विचारायचं ते एलुल महिन्यात, म्हणजे योम किप्पुरच्या आधीच्या ज्यू महिन्यात. कोल निद्रेच्या (योम किप्पुर सुरू होतानाच्या प्रार्थनेच्या) संध्याकाळी रब्बी घाईत असतात आणि डॉक्टर फोन उचलत नाहीत.