शिजलेल्या खिम्यातला डीएनए कुठे जातो?

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘हॉटेलातला मटण खिमा एकदा शिजला की त्यात काय मिसळलंय ते कुठलीच लॅब सांगू शकत नाही. कच्चा असेल तर डीएनए टेस्ट भेसळीचा अचूक टक्का सांगते, बोकडाऐवजी शेळी कापली तरी पकडते.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

शिजवल्यावर डीएनए तुटतो, संपत नाही. कुकरमध्ये लांब साखळ्यांचे तुकडे पडले तरी १००-१५० बेसपेअरचे (बेसपेअर म्हणजे डीएनएच्या शिडीची एकेक पायरी) भरपूर उरतात. तेवढाच तुकडा पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढत जाणाऱ्या चाचणीला, पुरतो, तोही मायटोकॉन्ड्रियातला (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला), कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. ९५ अंशांना धागे सुटे होतात, ५५-६० ला प्रायमर (ठरावीक प्राण्याचा डीएनए ओळखणारा छोटा तुकडा) चिकटतो, ७२ ला नवी प्रत बनते. अशा ३०-३५ फेऱ्या. खरा घोळ घालतो तो मसाला आणि तेल. खिम्यातून काढलेल्या डीएनएच्या अर्कात ते राहिले की प्रत बनवणारं एन्झाइम अडतं, निकाल दाखवणाऱ्या जेलवर पट्टी उमटत नाही आणि भेसळ नसल्याचा भास होतो. त्यासाठी सोबत कंट्रोल, म्हणजे पट्टी उमटायलाच हवी अशी जोडचाचणी, लावतात. तोही कोरा आला तर अर्क दहापट पातळ करून पुन्हा चाचणी.

टक्क्याचं म्हणाल तर कलेजीत आणि चरबीत मायटोकॉन्ड्रिया सारखे नसतात, त्यामुळे पट्टी ठळक म्हणजे मांस जास्त, असं होत नाही. शिवाय त्याच मशीनमधून आधी चिकन खिमा निघाला असेल तर त्याचाही माग दिसतो. २०१३ साली युरोपात बीफ म्हणून घोड्याचं मांस विकल्याचं उघड झालं, त्या तपासणीतही १ टक्क्याची मर्यादा धरली होती, त्याखालचा माग मोजला नाही, ती उगाच नाही.

बोकड की शेळी? मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, तो नर-मादी सांगतच नाही. त्यासाठी वाय गुणसूत्रावरच्या जनुकाची वेगळी चाचणी मागावी लागते. शेळी की मेंढी, हे मात्र नेहमीच्या चाचणीत स्वच्छ कळतं. मांस शिळं आहे का, जनावर म्हातारं होतं का, हे डीएनएला विचारूच नका.

नमुना देताना खिमा आधी नीट कालवा. रश्श्यातले तुकडे असतील तर प्रत्येक वेगळा तपासायला सांगा. एका फोडीवरून पातेल्याचा निकाल लागत नाही. दुधाच्या नमुन्यात घालतात तसं फॉर्मॅलिन यात नको, त्याने डीएनए खराब होतो. बर्फात ठेवून लगेच पाठवा. आणि अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या (२००६) कलम ४० खाली ग्राहक म्हणून तपासणी करून घ्यायची असेल तर तसं विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं, घरी आल्यावर नाही.